कारखान्यावर गेलेल्या मुलांची हजेरी

मराठवाड्यात शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते खरे, पण ते कसे जाणार याचा अंदाज सप्टेंबरात येतो. सोयाबीनच्या शेंगा भरल्या आणि कापसाला बोंडे धरली, तर दिवाळीनंतर वर्गात किती मुले बसतील हे आम्हां शिक्षकांना कोणी सांगावे लागत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात हा अंदाज सगळ्यांत वाईट बाजूने खरा ठरला. सिंदफणा, मांजरा, सीना या नद्या एरवी उन्हाळ्यात नुसत्या वाळूच्या पट्ट्यासारख्या दिसतात. त्या पात्र सोडून गावांत शिरल्या, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत कितीतरी ठिकाणी उभे पीक पाण्याखाली कुजले आणि काही शेतांची तर मातीच खरडून गेली. पीक गेले तर पुढच्या वर्षी येईल असे शेतकरी म्हणू शकतो, माती गेल्यावर तेही म्हणता येत नाही. अशा वर्षी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखाना गाठणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या वाढतात, आणि जोडीबरोबर तिची लेकरेही जातात.

मी सिंदफणेच्या खोऱ्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पुराचे पाणी आमच्या दोन वर्गांत आले आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातले सगळे भिजवून गेले, पण शाळेपेक्षा मुलांच्या घरांतले नुकसान कितीतरी मोठे होते. पाणी ओसरल्यावर मुले भिजलेली दप्तरे घेऊन शाळेत आली आणि आम्ही व्हरांड्यात वह्या वाळत घातल्या. पाने एकमेकांना चिकटून वह्यांचे ठोकळे झाले होते. त्यांच्यात बोट घालून एकेक पान सोडवताना लक्षात आले, की बॉलपेनने लिहिलेले बरेचसे टिकले होते आणि जेलपेनने लिहिलेल्या ओळींच्या जागी निळे डाग उरले होते. सातवीतली एक मुलगी त्या डागांकडे बघत, तिथे कोणता धडा होता हे आठवून आठवून सांगत होती. तिला तो धडा पाठ होता, वही मात्र पुन्हा लिहावी लागणार होती, आणि ते लिहायला ती दिवाळीनंतर गावात असेल की नाही हे तिलाही माहीत नव्हते आणि मलाही.

अशा वर्षात शाळा मुलांशी न्यायाने वागली की नाही, हे माझ्या मते एकाच गोष्टीवरून ठरते: जे मूल मधूनच निघून गेले त्याची जागा शाळेने राखली का, आणि ते परतले तेव्हा ती जागा त्याला मान खाली न घालता घेता आली का. बाकीचे सगळे, म्हणजे अभ्यासक्रम, चाचण्या, निकाल, अहवाल, यांचे मोल मी कमी मानत नाही. पण ही एक गोष्ट साधली नाही तर ते सगळे फक्त गावात थांबू शकलेल्या मुलांपुरते उरते.

ज्यांनी ऊसतोड जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. नवरा-बायकोच्या जोडीला इथे कोयता म्हणतात. पावसाळ्यातच मुकादम कोयत्याला उचल देऊन ठेवतो, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात मार्च-एप्रिलपर्यंत फडात, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या शेतात, राबून उचल फेडतात. राहायचे ते उसाच्या पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत. आई-बाप भल्या पहाटे फडात जातात, मागे कोपीवर आठ-दहा वर्षांचे मूल धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, आणि जरा मोठे झाले की वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधू लागते. म्हणजे ज्या महिन्यांत आमच्या वर्गात सहामाहीनंतरचा सगळा अभ्यास होतो, नेमके तेच महिने या मुलाच्या वर्षातून कापले जातात. हे दरवर्षी होते. पुरासारख्या वर्षी ते अशा घरांतही होते ज्या घरांनी आजवर कोयता हातात घेतला नव्हता.

कायद्याने या मुलाची बाजू घेतलेली आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात, स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश निश्चित करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे, आणि शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याचीही त्यात तरतूद आहे. शिक्षण हमी कार्ड निघाले तेही याच हेतूने, की मूल जिथे जाईल तिथल्या शिक्षकाला त्याचे काय शिकून झाले आहे हे कळावे. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, ज्यात शाळा व्यवस्थापन समिती गावातच मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था करते आणि मुले बहुधा आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात. २०२१ मध्ये राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर केली. कागदावर वाट आहे. मुलाला त्या वाटेवर हात धरून चालवायचे काम मात्र वर्गशिक्षकाकडे येते, आणि ते फार लहान लहान गोष्टींतून करावे लागते.

त्यातली पहिली गोष्ट हजेरीची. टोळ्या गेल्यावर पटावरची काही नावे रोज गैरहजर लागतात, आणि मग कोणत्याही शिक्षकाला ती नावे घाईत वाचायचा किंवा गाळून पुढे जायचा मोह होतो. आमच्या शाळेत आम्ही ठरवले, की दिवाळीनंतरही प्रत्येक नाव पूर्ण आणि मोठ्याने घ्यायचे. त्याचे उत्तर कोणी द्यायचे हे आम्ही सांगितले नव्हते, ते मुलांनीच ठरवले. नाव घेतले की त्याच्या शेजारी बसणारा उभा राहून सांगतो, "कारखान्यावर हाय, बाई." कधी त्यात बातमीही असते: "काल फोन आलता, त्यांची टोळी दुसऱ्या फडावर गेली." हजेरीपटावर नियमाप्रमाणे जे लागायचे ते लागते, परंतु वर्गाच्या लेखी ते मूल वर्गातलेच राहते. परतलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी हे शेजारी सांगतात, की रोज तुझे नाव घेत होतो. मी पुष्कळ प्रशिक्षणांना बसले आहे, त्यांतून पुष्कळ शिकलेही आहे, पण परतलेल्या मुलाला पहिल्या दिवशी वर्गात सरळ मानेने बसवण्यासाठी याहून चांगला उपाय मला दिसलेला नाही.

मागे राहणाऱ्या मुलांचे प्रश्न वेगळे असतात. ती आजीजवळ राहतात, आणि आजीला बहुधा स्वतःचेच होत नसते. मुलगा मागे ठेवायला घर सहज तयार होते. मुलगी पाचवी-सहावीच्या पुढे गेली की तिला मागे ठेवायची भीती वाटते आणि बरोबर न्यायचीही, आणि या दोन भीतींतून सुटका म्हणून तिचे लग्न उरकले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड आणि परभणी जिल्ह्यांत अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक निघाले, त्यामागे हे स्थलांतरही आहे. म्हणून टोळ्या निघण्याआधी आम्ही मुलींच्या घरी जातो, आईशी स्वतंत्रपणे बोलतो, वसतिगृहात कोणती बाई मुक्कामाला असेल, जेवण कोण करील, मुलगी आजारी पडली तर फोन कोणाला लागेल हे तिला नावानिशी सांगतो. शिक्षणाचे महत्त्व त्या आईला माझ्याहून जास्त कळते. तिला हवी असते ती रात्रीची खात्री, आणि तिच्याशी बोलताना मी त्याच गोष्टीवर सगळा वेळ देते.

जेवणाबद्दल एवढेच सांगते, की वाईट वर्षी शाळेतला पोषण आहार काही मुलांचे दिवसातले एकमेव पोटभर जेवण असते. २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही माध्यान्ह भोजन द्यायला सांगितले होते. पुराच्या वर्षालाही तीच दृष्टी लावायला हवी असे माझे ठाम मत आहे, कारण पाणी कमी पडो की जास्त होवो, धान्याची कणगी सारखीच रिकामी होते.

पुरानंतर मदत आली आणि ती मनापासून आली. शहरांतून दप्तरे आली, वह्या आल्या, चादरी आल्या. तरी एका गोष्टीवर आम्ही अडून बसलो, ती म्हणजे मदत घेणाऱ्या मुलाचा फोटो काढू द्यायचा नाही. देणाऱ्यांपैकी काहींना हे आवडले नाही आणि त्यांचे म्हणणे मला समजते. ज्यांनी वर्गणी दिली त्यांना हिशेब दाखवायचा असतो. आम्ही त्यांना दप्तरांच्या थप्पीचा फोटो दिला, मुख्याध्यापकांच्या सहीची पोच दिली, मुलांच्या अक्षरातले पत्र दिले. चेहरा दिला नाही. सहावीतला मुलगा हात पुढे करून उभा आहे आणि तो फोटो गावभर मोबाइलवर फिरतो आहे, हे त्याला उद्या वर्गात बसताना आठवणारच. वाटपही आम्ही "कोणाकोणाचे भिजले, हात वर करा" असे विचारून केले नाही. प्रत्येक वर्गशिक्षकाने यादी स्वतःशी केली, कमी पडले ते गावातल्या माजी विद्यार्थ्यांकडून भरून काढले आणि वर्गातल्या सगळ्यांना सारखेच दप्तर दिले. ज्यांचे भिजले नव्हते त्यांनाही एक दप्तर जास्त गेले, तो खर्च मला वाया गेलेला वाटत नाही.

गणवेशाचे आणि गृहपाठाचेही तसेच. पुराच्या वर्षी गणवेश नाही म्हणून कोणाला रांगेत वेगळे उभे करायचे नाही, हे तर उघडच आहे. गृहपाठाचा विचार अधिक बारकाईने करावा लागला. करोनाच्या काळात मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग थेट १ डिसेंबर २०२१ ला उघडले. त्या काळात ज्याच्या घरी फोन, रिचार्ज आणि शिकवणारे माणूस होते ते मूल पुढे गेले, आणि ज्याच्या घरी यांतले काहीच नव्हते ते जिथल्या तिथे राहिले. तेव्हापासून मी एक पथ्य पाळते: ज्या कामाला घरचा फोन, घरचे पैसे किंवा घरातले शिकलेले माणूस लागेल ते काम मी घरी देत नाही. कार्डशीट, रंग, डिंक सगळे वर्गाच्या कपाटात असते आणि उपक्रम वर्गातच होतो. घरी द्यायचे ते आजीला विचारून लिहिता येईल असे: घरात पाणी कुठपर्यंत आले होते त्याची खूण मोजून आणा, बहात्तरच्या दुष्काळात गावात काय खात होते ते विचारून लिहा. आजीला अक्षर येत नसले तरी या गृहपाठात तिचे घर मागे पडत नाही.

मार्च उजाडला की एकेक टोळी परतू लागते, आणि शिक्षकाची खरी परीक्षा तिथून पुढे असते. मूल उन्हाने करपलेले, केस भुरे झालेले, हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे घेऊन वर्गाच्या दाराशी येते आणि तिथेच थांबते. त्याला पहिल्या दिवशी वाचायला उभे करणे हा माझ्या दृष्टीने अपराध आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे, आणि पाच महिने पुस्तक न पाहिलेल्या मुलाला भर वर्गात अडखळायला लावणे यात येते असे मी मानते. त्याला काय येत नाही हे मला एकांतात कळेल. वर्गासमोर मात्र त्याला काय येते तेच यावे.

आणि त्याला पुष्कळ येते. यंदा परतलेल्या मुलांना घेऊन सातवीच्या गणितात आम्ही तोडणीचा हिशेब मांडला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनामागे ३६६ रुपये झाला. दिवसाला एक कोयता दीड टन ऊस तोडतो असे धरले तर ५४९ रुपये होतात, इथपर्यंत सगळ्या वर्गाने केले. मग मी फळ्यावर एक लाखाची उचल लिहिली. कोणाच्याही घरची खरी रक्कम वर्गात विचारायची नाही, म्हणून आकडा मनाने घेतला होता. परतलेल्या मुलींपैकी एक पुढे आली, तिने एक लाखाला ३६६ ने भागले, २७३ टन काढले, त्याला दीडने भागून १८२ दिवस लिहिले आणि खडू तसाच हातात ठेवून म्हणाली, "बाई, म्हंजी सहा महिने. समदा हंगाम." गावात राहिलेल्या मुलांपैकी कोणालाच, एक टन म्हणजे साधारण किती मोळ्या, पाऊस आला की खाडा कसा धरतात, बैलगाडीच्या आणि टायरगाडीच्या खेपेत काय फरक पडतो, हे माहीत नव्हते. ती सांगत होती आणि वर्ग ऐकत होता. भागाकार तिचा पक्का झाला, दशांश चिन्हाचे पुन्हा घ्यावे लागेल, एवढी नोंद मी तिच्या आकारिक मूल्यमापनात केली.

याच दिवसांत गावात थांबलेल्या मुलांचे पालक शाळेत येतात. एक गृहस्थ, स्वतः अल्पभूधारक, पुरात सोयाबीन गेलेले, तरी मुलाला एक दिवस घरी न ठेवलेले, मला सरळ म्हणाले, "आमच्या लेकरानं वर्षभर शाळा केली, अन् तुम्ही आता आलेल्याकडंच बघायलात." त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. शिक्षकाचा तास एकच असतो, आणि आमच्यासारख्या शाळांत दोन वर्ग एका खोलीत बसलेले असतात. एकाला दिलेला वेळ दुसऱ्याच्या वाट्याचा असतो. मी त्यांना म्हटले, "भाऊ, तुमच्या लेकराचं वर्षभराचं शिकणं त्याच्यापाशी आहे, ते कोणी नेलं नाही." पण एवढे बोलून भागत नाही, तास तसा आखावा लागतो. म्हणून दिवसाचा पहिला तास आम्ही इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीनुसार गट करून घेतो, ज्यात पुढे गेलेल्यांच्या गटालाही त्यांच्या तोडीचे काम असते, आणि उरलेला दिवस सगळे आपापल्या वर्गात.

हुशार मुलाला मागे पडलेल्याच्या शेजारी बसवायची पद्धत सर्वांना ठाऊक आहे आणि ती उपयोगाचीही आहे, तरी तिचा मला थोडा धाक वाटतो. शिकवण्याचे हे काम नेहमी त्याच दोन-तीन समंजस मुलींवर पडते. घरी धाकट्यांना सांभाळायचे, शाळेत वर्गबंधूंना शिकवायचे, आणि स्वतःचे पुस्तक कधी उघडायचे? म्हणून ही जोडी आठवड्याने बदलते, आणि ज्याला अंकगणितात मदत हवी असते तो मुलगा चित्रकलेत किंवा खो-खोत दुसऱ्या कोणाचा तरी मदतनीस असतो.

पाचवी आणि आठवीचा प्रश्न यंदा सर्वांत अवघड गेला. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्याने २०२३ मध्ये या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा लागू केली. अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षेची संधी, आणि तीही साधली नाही तर मूल त्याच वर्गात राहू शकते. या नियमामागचा हेतू मी नाकारत नाही, वाचता न येणारे मूल ढकलत आठवीपर्यंत नेणे हीही त्याची फसवणूकच आहे. पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फडावरून परतलेल्या पाचवीच्या मुलासाठी ही परीक्षा त्याने केलेल्या अभ्यासाची नसते, त्याच्या बापाच्या उचलीची असते. आमच्या हातात होते ते आम्ही केले. सगळा अभ्यासक्रम उरकण्याचा आग्रह सोडला, वाचन, लेखन, चार क्रिया आणि मापन एवढेच धरले, तोंडी कामाला पूर्ण वजन दिले, आणि निकालानंतर पुनर्परीक्षेपर्यंतच्या उन्हाच्या दिवसांत सकाळी साडेसात ते साडेनऊ वर्ग घेतला. गावातल्या दोन पदवीधर मुली त्यासाठी आपणहून आल्या.

जे हातात नव्हते त्यात सर्वांत मोठी गोष्ट वेळेची आहे. हंगामी वसतिगृहाची मंजुरी टोळ्या निघण्याआधी हातात असेल तर आजी नातवंडांना ठेवून घेते. ती महिनाभर उशिरा आली, तर तोवर मूल कोपीवर पोहोचलेले असते आणि त्याला तिथून परत आणायला कोणाकडे भाडेही नसते आणि रजाही. म्हणून पुढच्या वर्षाची यादी आम्ही दिवाळीची वाट न बघता करणार आहोत. पोळ्याच्या सुमारास मुकादम गावात फिरू लागतो, तेव्हाच घरोघर जाऊन कोण जाणार, कोण मागे राहील, कोणती मुलगी कोणाकडे राहील हे लिहून घ्यायचे, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह प्रस्ताव गणपतीच्या आत पाठवायचा, आणि जी मुले जाणारच आहेत त्यांच्या शिक्षण हमी कार्डावर, नुसती इयत्ता न लिहिता, कोणता धडा झाला आहे आणि भागाकार कुठपर्यंत आला आहे हे सविस्तर लिहायचे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला तिथून पुढे घेता येईल. यंदा ज्या मुलांनी तिकडच्या शाळांत काही दिवस तरी हजेरी लावली, त्यांच्याकडून त्या शाळांची नावे आणि तिथल्या गुरुजींचे फोन नंबर आम्ही लिहून घेतले आहेत. त्यांतल्या काहींशी बोलणेही झाले आहे.